कुठं निघालीस?

१२ नोव्हेंबर

पोचले एकदाची! बँकॉकमधली बावीस वर्षं, आठव्या मजल्यावरचं अख्खं बिऱ्हाड, एका टेम्पोत मावलं आणि वर ड्रायव्हरच्या दोन कोंबड्यांनाही जागा उरली. कोंबड्या कशाला घेतल्या म्हणून विचारलं, तर म्हणाला, रिकामी जागा बघवत नाही हो, कुणीतरी बसलेलं बरं.

घर बघून डोळे भरून आले. खाली सिमेंट, वर लाकूड, निळ्या पत्र्याचं छप्पर. विचियननं, माझ्या नवऱ्यानं, एका पाठकोऱ्या कागदावर आखलं होतं तसंच्या तसं. दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा नुसते खांब उभे होते. बाकीचं त्याच्या बहिणीनं, बुआपाननं, उन्हात उभं राहून करून घेतलं. परदेशी बाईच्या नावावर जमीन होत नाही म्हणून घर तिच्या नावावर आहे. असू दे. मला मालकी नकोच आहे. मला इथं राहायचंय, आणि वेळ आली की गावच्या विहाराच्या भिंतीत विचियनच्या अस्थींशेजारी जो कोनाडा मोकळा आहे त्यात जायचंय. थोरले भिक्षू म्हणालेत, तू गावची झालीस की तो तुझाच. गावची होणं म्हणजे घरपुस्तकात, सरकारी रहिवासी नोंदीत, नाव लागणं. त्याच्या मागं उद्यापासूनच लागते.

दुपारी घराखालच्या मोकळ्या जागेत सगळं गाव जमलं. मधोमध केळीच्या पानांचा नि झेंडूचा उंच मनोरा, त्याच्या पायाशी चिकट भात आणि उकडलेलं अंडं. खामसिंग आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत, डोळ्यांनी जवळजवळ अधू. त्यांनी गात गात माझे ख्वान बोलावले. माणसात म्हणे बत्तीस ख्वान असतात, जिवाचे बत्तीस धागे, आणि माणूस जागा बदलतो तेव्हा एखाददुसरा वाटेत रेंगाळतो. ये गं बाई, बाजारात थांबू नकोस, पुलावर बसू नकोस, भात गरम आहे, ये. मला हसू येत होतं आणि रडूही. मग एकेकानं माझ्या मनगटावर पांढरा दोरा बांधला. कोपरापर्यंत हात भरले, चुडा भरावा तसे. अंडं सोलून पाहिलं. भरलेलं, गुळगुळीत, कुठं खळगा नाही, म्हणजे सगळे ख्वान पोचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बुआपाननं बजावलं, की दोरे तीन दिवस काढायचे नाहीत, आणि मग गाठ सोडून काढायचे, कापायचे अजिबात नाहीत. कापले की दार उघडं टाकल्यासारखं होतं, रिकामं घर दिसलं की कुणीही शिरतं. मी मान डोलावली. नणंदेपुढं मान डोलावण्यात माझा हातखंडा आहे.

ही रोजनिशी डॅनिशमध्येच लिहिणार. विचियन म्हणायचा, मी तुझी भाषा शिकलो ती फक्त तुझी वही चोरून वाचता यावी म्हणून.

१४ नोव्हेंबर

या गावाला दार ही वस्तू ठाऊकच नाही. सकाळी न्हाणीतून बाहेर येते तो पलंगावर समोरची चांपी बसलेली, दुकानातलं कापड पाहावं तसे माझ्या कपाटातले झगे उलटसुलट करत. चांपीची कोपऱ्यावर पपईच्या कोशिंबिरीची गाडी आहे आणि तिच्या खलबत्त्यापेक्षा तिची जीभ जास्त चालते. म्हणाली, सुटलीयस गं, बँकॉकचं पाणी मानवलं तुला! आणि हे कौतुक होतं.

वर जो तो विचारतो, कुठं निघालीस? कचरा टाकायला निघाले तरी, दोरीवरचा टॉवेल काढायला निघाले तरी. मी प्रत्येकाला नीट उत्तर देत बसले आणि दुपारपर्यंत घसा बसला. बुआपान पोट धरून हसली. म्हणाली, वहिनी, खरं उत्तर कोण मागतंय तुझ्याकडं? हाक मारायची रीत आहे ती. आपण नुसतं ‘तिकडं’ म्हणायचं आणि चालू पडायचं. बँकॉकमध्ये आमच्या इमारतीत कुणी कुणाला काही विचारत नसे. बावीस वर्षं किती सुखात काढली मी!

आणि ते दोरे. भांडी घासताना ओले, फरशी पुसताना ओले, रात्री अंगावर ओले. आंबूस वास यायला लागला, खाली पुरळ उठलं. दुपारी मासे साफ करत होते, खवले दोऱ्यांत अडकले आणि माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरातली कात्री घेतली, करकर कापले आणि खवल्यांबरोबर डब्यात टाकले. दोन दिवस काय आणि तीन दिवस काय.

संध्याकाळी बुआपानची नजर माझ्या हातांवर गेली. सोडलेस का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, सोडले. आल्या आल्या खोटं बोलायला नको होतं. पण तिचं व्याख्यान ऐकायचं त्राण नव्हतं.

१८ नोव्हेंबर

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण बहुधा आमच्या तालुका कचेरीतच जन्माला आली असावी. साडेआठला नंबर घेतला, अकराला तो लागला. कारकून बाई गोड आहे, म्हणूनच जास्त राग येतो. विचियनच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी. दिली. प्रत्येक पानावर सही हवी. केली. निळ्या शाईत हवी. परत केली. मग म्हणाली, दोन साक्षीदार आणा, आणि पासपोर्टाचं थाय भाषांतर, त्यावर शिक्का. हे सकाळी का नाही सांगितलंत, असं मी जरा वरच्या पट्टीत विचारलं, तर अख्ख्या कचेरीनं माना खाली घातल्या. बाई हसून म्हणाली, मन गार ठेवा, मावशी. बावीस वर्षं हे ऐकतेय. माझं मन काय पाण्याचा माठ आहे?

परतताना चांपीच्या गाडीशी थांबले. ती म्हणाली, परत भूक लागली होय? सकाळी तर दोन ताटं चापलीस, आंबवलेली मासळी वरून मागून घेतलीस, मिरच्या सात! मी आंबवलेल्या मासळीच्या वासानंही उठून जाते, हे विचियनच्या सगळ्या गोताला माहीत आहे. सांगितलं, की सकाळी मी कचेरीत होते. ती म्हणाली, असशील बाई, पण खाल्लंस मात्र मस्त.

गोरी माणसं सगळी सारखीच दिसतात, असं समजून मी सोडून दिलं. पण या गावात दुसरी गोरी बाई आहे कुठं?

२१ नोव्हेंबर

भांडण झालं. काल पाठ धरली म्हणून मी दिवसभर पडून होते. आज बुआपान आली ती नुसती फुललेली. म्हणे, काल शेतावर काय मजा आणलीस वहिनी! पेंढ्या बांधल्यास, भात चोळून तोंडात टाकलास, आमच्या बोलीत गाणं म्हटलंस. इतकी वर्षं कुठं लपवून ठेवली होतीस ही बाई?

मी शेतावर आलेच नव्हते, असं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ओरडून सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, काल केवढी गोड होतीस, आज पुन्हा आपली तीच.

पुन्हा आपली तीच! हे वाक्य दिवसभर कुसळासारखं टोचतंय. मला वाटतं सगळे मिळून माझी फिरकी घेतायत. नवीन सुनेची घेतात तशी. घ्या. एकसष्टाव्या वर्षी नवीन सून!

२५ नोव्हेंबर

दोन साक्षीदारांना, म्हणजे चांपीला आणि तिच्या नवऱ्याला, पाया पडून तयार केलं. भाषांतर आणलं, शिक्का आणला. कारकून बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, आता काय राहिलं मावशी?

काम गुरुवारीच झालंय. मी आले होते म्हणे, सगळ्यांना संत्री वाटली, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय तेही विचारलं. परदेशी माणसाला देतात ते पिवळं घरपुस्तक मी सही करून नेलंय. सही दाखवली. माझीच. माझ्या नावातला तो ग्रीक अक्षरासारखा ‘जी’, तोही तसाच. अंगठ्याचा ठसा जुळलाय. चांपी माझ्याकडं बघून म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला का गं उन्हाचा? गाडी बंद ठेवून आलेय मी.

मी संगणकावरचा फोटो दाखवा म्हटलं. ओळखपत्राचा. मी आहे. मी फोटोत कधी हसत नाही, ही हसतेय. हनुवटीखाली हात जोडून धरलेत. दोन्ही मनगटांवर पांढरे दोरे आहेत, कोपरापर्यंत, एकही कमी नाही.

घरी येऊन कचऱ्याचा डबा पालथा केला. तो कधीच रिकामा झालेला होता.

२६ नोव्हेंबर

नीट विचार करायचा. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कुणीतरी बाई माझं सोंग घेऊन फिरतेय. कशासाठी? माझ्याकडं आहे काय?

जिन्याच्या पायथ्याशी माझ्या चपलांशेजारी ओल्या पायांचे ठसे होते. चिकट भाताची टोपली रिकामी. मी भात खाल्ला नव्हता. बुआपानचा काळा कुत्रा रोज माझ्यावर भुंकायचा, शिव्या घालायचे मी त्याला. आज त्याच्या अंगावरून गेले तरी त्यानं कान हलवला नाही.

विहारात जाऊन आले. विचियनच्या फोटोला ताजा हार होता. शेजारच्या कोनाड्याची जाळी-धूळ काढून आत पुसून घेतलं होतं. झाडणारी आजी थोरल्या भिक्षूंना सांगत होती, किती माया आहे हो हिची नवऱ्यावर, आपली जागा आपल्या हातानं पुसून गेली.

आपली जागा.

आता कळलं माझ्याकडं काय आहे ते.

२८ नोव्हेंबर

पाहिली.

विहाराच्या फाटकातून बाहेर पडत होती. माझा निळा झगा, माझी छत्री. पाठमोरी. स्वतःची पाठ कुणी बघितलेली नसते, तरी ओळखू आली. उजवा खांदा जरा वर. अनवाणी होती आणि पाऊल जपून टाकत होती, नवी चप्पल पायात बसते का ते बघावं तसं. मी हाका मारत धावले. वाटेतल्या बायका तिला विचारत होत्या, कुठं निघालीस? ती प्रत्येकीला हसून म्हणत होती, तिकडं, तिकडं.

मी त्यांच्यासमोरूनच पळत गेले. मला कुणी विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर

बुआपानकडं गेले आणि सगळं सांगून टाकलं. कापले मी दोरे, कात्रीनं कापले, तुझ्याशी खोटं बोलले, चुकलं माझं. ती मागावर बसून विणत होती. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी रडले. तिच्या पायाला हात लावला. तिनं डास बसल्यासारखा पाय हलवला.

मग मान वर करून माझ्या मागं, जिन्याकडं, बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, आलीस? ये वहिनी, बस, केव्हाची वाट बघतेय.

मी वळून बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

बावीस वर्षांत ती माझ्याकडं बघून एकदाही अशी हसली नव्हती. मीही कधी तशी जागा दिली नव्हती, हेही खरंच.

१ डिसेंबर

तीन दिवस झाले, कुणी विचारत नाही कुठं निघालीस. मुद्दाम गावभर फिरले. कचरा घेऊन फिरले. टॉवेल घेऊन फिरले. विचारा ना कुणीतरी! खरं उत्तर देणार नाही, शपथ, नुसतं तिकडं म्हणेन.

खामसिंग आजोबांच्या दाराशी उभी राहिले. ते ओट्यावर बसले होते. कान टवकारून त्यांनी बायकोला सांगितलं, की बाहेर कुणीतरी फार दमलेलं उभं आहे, पाणी ठेव. तिला कुणी दिसलं नाही तरी तिनं पायरीवर पेला ठेवला. मी घटाघट प्यायले. खाली ठेवला तेव्हा पेला काठोकाठ भरलेला होता.

आजोबा म्हणाले, गावात कुणाचे तरी ख्वान उघड्यावर पडलेत. बोलवायला हवेत.

देव भलं करो त्या म्हाताऱ्याचं.

३ डिसेंबर

परवा सकाळी विधी आहे. बुआपान म्हणाली, आमच्या वहिनीसाठीच करू, नाव लागलं ना घरपुस्तकात, त्याचाही आनंद. तिच्यासाठी! म्हणजे बोलावणार मला आणि बसणार ती. पण बोलावणार मला. नाव माझं घेणार. मी आधी जाऊन बसेन. हात पुढं करेन. एक दोरा बांधला तरी पुरे —

पेन जड झालंय. दोन्ही हातांनी धरावं लागतं.

वहीच्या या पानावर आंबवलेल्या मासळीचा डाग आहे. अंगठ्याचा. मी वाचवून ठेवतेय ही वही, कुणाला तरी कळावं म्हणून. पण कुणाला? ही भाषा वाचणारा गावात एकच होता. तो भिंतीत आहे.

आणि आता ती वाचतेय.

५ डिसेंबर, सकाळ

खाली जमलेत. झेंडू, भात, अंडं. सगळं तसंच. आजोबांनी सुरू केलंय — ये गं बाई, बाजारात थांबू नकोस, पुलावर — माझं नाव घेतलं. इंगे. किती दिवसांनी! छातीत काहीतरी ओढलं गेलं. जाते —

५ डिसेंबर

गेले होते. तिच्या मांडीला मांडी लावून बसले. उबदार होती. हात पुढं केले, तिच्या हातांच्या वर. सगळे दोरे माझ्यातून आरपार तिच्या मनगटावर — बुआपानचाही, रडत रडत बांधला तिनं, माझी वहिनी म्हणत —

अंडं सोललं. पोकळ. एका बाजूनं नुसतं टरफल, आत खळगा. या वेळी टाळी कुणीच वाजवली नाही. चांपीनंसुद्धा. माझ्या शेजारची ती हसली, म्हणाली, मन गार ठेवा गं, अंड्याला काय कळतं. आणि खाऊन टाकलं.

आजोबांच्या हातात शेवटचा दोरा होता. ते थांबले. तिच्याकडं नाही, माझ्याकडं वळले. खरंच माझ्याकडं. दोरा हवेत धरला, माझ्या मनगटासमोर. मला दोऱ्याचा खरखरीतपणा लागला, खरंच लागला —

तिनं हळूच त्यांचं मनगट धरलं. म्हणाली, आजोबा, मी इकडं. आणि त्यांचा हात आपल्याकडं नेला. म्हातारा माणूस. अधू. त्यांनी गाठ मारली.

वर पळून आले. विचियन, तू चोरून वाचायचास ना, आता वाच, ती तुझ्या शेजारी येईल तेव्हा ती मी नसेन, ऐकतोयस ना, ती मी —

जिन्यावर पावलं. अनवाणी. जपून.

दारात उभी आहे. हातभर पांढरे दोरे. रागावलेली नाही. उलट मायेनंच बघतेय, घरच्या माणसाकडं बघावं तसं. विचारतेय, कुठं निघालीस?

कुठंच नाही. हे माझं घर आहे. मी इथंच राहणार, असं म्हणायचं होतं, तोंड उघडलं तेच सांगायला, पण सवयीनं नुसतंच आलं, तिक—